तेच पान पुन्हा

खडू उचलून अलीम फळ्याकडे वळला आणि तसाच उभा राहिला. जो शब्द लिहायचा होता तो फळ्यावर आधीच लिहिलेला होता. अक्षर त्याचंच, शेवटचा फराटा जरा वर जाणारा. डिमिनिशिंग. पोरांना या शब्दाचं स्पेलिंग जमत नाही म्हणून वहीतलं पान सांगून संपलं की तो फळ्यावर लिहून द्यायचा, असा त्याचा रिवाज होता. म्हणजे हे पान एकदा संपलेलं होतं. मघाशी तो लिहायला वळला तेव्हा खिडकीच्या फुटक्या काचेतून वारा आला असणार आणि वहीचं पान मागं पडलं असणार. मग त्यानं टेबलाशी येऊन, पहिल्या ओळीवर बोट ठेवून, तेच पान स्वल्पविरामांसकट पुन्हा सांगितलं होतं. त्यानं मान वळवून वर्गाकडे पाहिलं. लढाई संपल्यावर लष्करानं सोडून दिलेली ती लांबलचक बराक, तिच्यात बाकांच्या रांगा, आणि बाकांवर वाकलेली डोकी. सगळी लिहीत होती. टाकांची करकर हळूहळू थांबली, मागच्या एकानं दौतीत टाक बुडवला, आणि डोकी तशीच खाली ठेवून वर्ग पुढच्या ओळीची वाट पाहू लागला. कुणी हसलं नाही, कुणी शेजाऱ्याला कोपर मारलं नाही. अलीमनं खडू खाली ठेवला, पान उलटलं, या खेपेला त्याच्यावर डस्टर ठेवला आणि पुढचं सांगायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

सायकल हातात धरून तो नगरच्या दिल्ली दरवाजापर्यंत चालतच आला. बसायचं सुचलं नाही. एखाद्या पोरानं नुसतं वर पाहिलं असतं तरी चाललं असतं, असं त्याला वाटत होतं. दोन वर्षं तो या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता. म्हणजे पुण्याला स्वतः जे लिहून घेतलं होतं ते इथं लिहून देत होता. निळ्या शाईच्या त्या वह्या त्यानं जिवापाड जपल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला आपल्या शिकवण्याचा थोडा अभिमानही होता. त्याचे उच्चार स्वच्छ होते, वेग असा बेताचा की खेड्यातून आलेल्या पोराचाही टाक मागं पडू नये. नापास होणारे त्याच्या विषयात कमी. वर्गात गडबड नाही. शेजारच्या बराकीत इतिहासाचे आबासाहेब गर्जायचे, पानिपत पार नगरच्या किल्ल्याशी आणून भिडवायचे, आणि इकडे अलीमच्या वर्गात टाकांची करकर तेवढी ऐकू यायची. ती शांतता त्याला आवडायची. शांतता म्हणजे लक्ष, असं तो समजत आला होता. आता कापडबाजारातल्या गर्दीतून सायकल ढकलताना त्याला वाटलं, आपण उद्या वर्गात वर्तमानपत्रातला बाजारभाव वाचून दाखवला तर तोही ही पोरं उतरून घेतील. आपण मध्येच थांबून गावाकडच्या, बेलापूरच्या घराचा पत्ता सांगितला तर तोही. मग आपण तिथं कशाला जातो? कुठंतरी सायकलची घंटी वाजत होती. एक टांगेवाला त्याच्यावर खेकसला, तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा असल्याचं त्याच्या लक्षात आलं. घंटी त्याचाच अंगठा वाजवत होता.

नेमकी ही गोष्ट याच आठवड्यात व्हायला नको होती. स्वातंत्र्य येऊन दीड वर्ष झालं होतं आणि प्राचार्यांच्या डोक्यात नव्या गोष्टींचा सुळसुळाट होता. त्यातली एक त्यांनी नाताळच्या सुट्टीनंतरच्या बैठकीत बाहेर काढली होती. प्राथमिक शाळेच्या मास्तराला शिकवावं कसं हे ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं शिकवतात, आणि कॉलेजच्या प्राध्यापकाला मात्र एम. ए. झाला की थेट वर्गात सोडतात, हे काही त्यांना पटत नव्हतं. तेव्हा दर शनिवारी एका प्राध्यापकानं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून तो बघायचा, आणि नंतर चहाबरोबर काय दिसलं ते तोंडावर सांगायचं. आबासाहेब म्हणाले होते, "म्हातारपणी आम्हाला परत मुलगी बघायला बसवताय." सगळे हसले होते. प्राचार्य हसले नव्हते. "नोट्स छापखान्यात छापून मिळतात," ते म्हणाले होते. "त्या वाचून दाखवायला मला माणूस ठेवायचा नाही." बोलताना त्यांनी अलीमकडे पाहिलं नव्हतं, आणि न पाहण्यातच सगळं आलं. अलीमची नेमणूक उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतची होती. या शनिवारी पाळी त्याची होती, आणि पुढं ठेवायचं की नाही ते त्या पाठावर ठरणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. नाही ठेवलं तर मुंबईला मेव्हण्यानं सप्लाय खात्यात जागा बघून ठेवलीच होती. रेशनच्या अर्जांवर शिक्के मारायचे. मेव्हणा म्हणाला होता, तुम्हाला काय, तिथंही लिहायचंच आणि इथंही लिहायचंच. तेव्हा अलीमला त्याचा राग आला होता. आता येईना.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या ओट्यावर त्याला छगन दिसला. पाथर्डीकडचा, अंगानं दांडगा, पायात जाड वहाणा, दुसऱ्या बाकावर बसणारा. कॉलेजात पोरांना अहो-जाहो करायची पद्धत होती आणि या पोरांना ती अजून अंगाला लागलेली नव्हती; तुम्ही म्हटलं की ती मागं वळून बघायची. अलीमनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "छगनराव, काल मी एक पान दोनदा सांगितलं. लक्षात आलं होतं का?"

"व्हय सर," छगन उठून उभा राहिला. "आलं हुतं की. समद्यांच्याच आलं."

"मग बोलला नाहीत?"

छगनला हा प्रश्नच कळला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. "आमाला वाटलं, दोनदा सांगितलं म्हंजी परीक्षेला यनार असंल. आमी त्याच्याखाली लाल रेघ मारली सर."

अलीम हसला. "आणि चुकून सांगितलं असेल असं नाही वाटलं?"

"तुमी कशाला चुकाल," छगन म्हणाला, आणि ते त्यानं इतक्या सरळपणे म्हटलं की अलीमला तिथून लवकर निघावंसं वाटलं. म्हणजे लक्ष नव्हतं असंही नाही. लक्ष होतं. त्याच्या चुकीलाही त्यांनी काहीतरी अर्थ लावून घेतला होता, आणि तो बरोबर का चूक हे त्याला विचारायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. विचारायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं होतं? त्यानं तर नाहीच. दोन वर्षांत त्यानं वर्गात एकालाही उभं केलं नव्हतं. हा त्याचा ठरवून केलेला चांगुलपणा होता. कारण उभं राहणं म्हणजे काय ते त्याला पुरतं माहीत होतं.

पुण्याला पहिल्या वर्षाला असताना सरांनी त्याला उभं केलं होतं. उंच, गोरे, काळा झगा घातलेले सर, ज्यांचं इंग्रजी ऐकायला दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन दारात उभी राहायची. पावसाळी दिवस होता, वर्गात ओल्या छत्र्यांचा वास भरला होता. प्रश्न जमिनीच्या खंडाचा होता, म्हणजे कसणाऱ्यानं मालकाला द्यायच्या भाड्याचा. खंड जास्त म्हणून धान्याचा भाव जास्त, की उलट? अलीम उभा राहिला. बाकाच्या लाकडाची कड मांडीला टोचत होती ते त्याला अजून आठवतं. तो उभा राहिला आणि गप्प राहिला. गप्पच राहिला. मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग ती खसखस बाकाबाकांवरून पुढं आली, आणि सर म्हणाले, "सिट डाउन." रागानं नाही, उलट दया येऊन. तो बसला. त्यानंतर पदवी मिळेपर्यंत तो खांबाआडच्या बाकावर बसला, आणि पुढं स्वतः शिकवायला लागल्यावर त्यानं मनाशी ठरवून टाकलं की आपल्या वर्गात कुणावर ही पाळी आणायची नाही. तेव्हा विचारायचंच नाही. बेतानं सांगायचं, त्यांनी लिहायचं, कुणाची लाज निघायला नको. माणूस आपल्या भीतीला किती चांगली नावं देतो.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं घरी पाठाची तालीम केली. झेंडीगेटपाशी दोन खोल्यांचं भाड्याचं घर. बायको मेहताब बेलापूरची, त्याच्याच गावची, मराठी सातवी झालेली. दोघांचं बोलणं अर्धं दखनीत आणि अर्धं मराठीत चालायचं. ती चुलीपुढं कांदा चिरत बसली होती. त्यानं तिला सांगितलं, तू वर्ग. ती म्हणाली, बरं, मी वर्ग. त्यानं ठरवलं होतं की वही न घेता शिकवायचं आणि प्रश्न विचारत शिकवायचं. प्राचार्यांना प्रश्न आवडतात असं आबासाहेबांनी कानात सांगितलं होतं. पाठ तोंडपाठ होताच. तो खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत बोलला, मध्ये मध्ये थांबून प्रश्न केले, हात हलवले, आणि संपल्यावर कपाळ टिपून तिच्याकडे पाहिलं.

"छान झालं जी," ती म्हणाली. मग विळीवरून हात न काढता म्हणाली, "पण पुसलं पण तुम्हीच आणि सांगितलं पण तुम्हीच. मग माझं काय काम?"

"तू उत्तर दिलं नाहीस."

"देऊ कधी? तुम्ही श्वास तरी घेतला का मध्ये?"

त्याला हे खरं वाटेना. तिनं परत करायला सांगितलं. त्यानं प्रश्न विचारला आणि थांबला. चुलीत लाकूड तडकलं. शेजारच्या अंगणात कुणीतरी बादली ठेवली. मेहताब कांदा चिरायची थांबून त्याच्याकडे बघत होती, आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं आणि उत्तर बाहेर पडलं. ती हसली. त्यानं परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा त्यानं ओठ घट्ट मिटून धरले, तरी हातानं खिशातला रुमाल काढला, घडी मोडली, घडी घातली. मग मेहताबनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाली, "हे पाणी उकळेपर्यंत बोलायचं नाही. मीही बोलणार नाही." पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले, ते सुटेनात. अलीम उभा होता. त्याच्या मांडीला बाकाची कड टोचायला लागली. ओल्या छत्र्यांचा वास आला. आता हसतील, आता मागून कुणीतरी हसेल. आणि त्या तेवढ्या वेळात, पाणी नुसतं सुंऽ करायला लागलेलं असताना, त्याला इतक्या वर्षांत न आठवलेली एक गोष्ट आठवली. त्याला उत्तर येत होतं.

येत होतं. अगदी पक्कं येत होतं. त्याचे वडील, नूरुद्दीन, दुसऱ्याचं रान खंडानं करायचे. गुळाला चांगला भाव आला त्या वर्षी मालकानं खंड वाढवला, भाव पडला त्या वर्षी पाया पडून कमी करून घेतला. घरात जेवताना याच्याशिवाय दुसरं बोलणं नसायचं. सरांनी विचारलं तेव्हा उत्तर घरातून निघालं होतं, फक्त ते इंग्रजीत यायला वेळ लागत होता. पहिला शब्द मिळाला होता, दुसरा मिळाला होता, क्रियापद जुळत होतं, तेवढ्यात सर म्हणाले, सिट डाउन. तो जन्मभर समजत आला की आपल्याला आलं नाही. पाणी उकळलं. मेहताब म्हणाली, "जमलं की." त्याला रडू येत होतं आणि ते कांद्यावर घालता येण्यासारखं होतं, म्हणून त्यानं तसंच केलं.

शनिवारी तो वही न घेता वर्गात गेला. ती कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मेहताबजवळ दिली, इतका त्याचा स्वतःवर अविश्वास. मागच्या दोन बाकांवर प्राध्यापक मंडळी दाटीवाटीनं बसली होती, आबासाहेब कडेला, एक पाय बाकाबाहेर. प्राचार्य भिंतीशी खुर्ची टाकून. पोरं नवरदेवाकडच्या मंडळींसमोर बसल्यासारखी ताठ बसली होती, टाक हातात. अलीमनं आधी इंग्रजीत प्रश्न विचारला. पाण्यावाचून माणूस मरतो, सोन्यावाचून कुणी मेलेलं नाही. तरी पाणी फुकट आणि सोनं महाग, असं का? विचारून तो थांबला. आणि सगळी डोकी खाली गेली. करकर सुरू झाली. पोरांनी प्रश्न उतरून घेतला. कुणाचा तरी एक शब्द सुटला असावा, त्यानं शेजाऱ्याच्या वहीत डोकावून तो भरून काढला. मग टाक उचलून सगळी उत्तराची वाट पाहू लागली.

"लिहू नका," अलीम म्हणाला. हे त्यानं मराठीत म्हटलं, आणि वर्गात इंग्रजीच बोलायचं हा नियम मागं भिंतीशी खुर्चीत बसलेला होता. पण आता ते निघून गेलं होतं. त्यानं प्रश्नही मराठीत सांगितला. "मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

डोकी वर आली. दोन वर्षांत त्यानं या पोरांच्या मानाच पाहिल्या होत्या, चेहरे आता दिसत होते. एकाला मिसरूड फुटत होतं. एकाच्या कपाळावर जुनी खोक होती. ती सगळी त्याच्याकडे बघत होती, आणि काहीच होत नव्हतं. फुटक्या काचेतून वारा आला. टेबलावर उलटायला पान नव्हतं. त्याचा हात मात्र टेबलावर वही असायची त्या जागी गेला आणि लाकडावर नुसता पडून राहिला. कुणीतरी खोकलं. बाहेर छावणीच्या रस्त्यानं एक ट्रक गेला, त्याचा आवाज पार संपेपर्यंत ऐकू आला. अलीमला वाटलं, चार शब्द बोलावेत आणि सुटावं. उत्तर जिभेवर होतं, लख्ख, सगळ्या पायऱ्यांसकट. बोललं की पोरं लिहायला लागतील, मंडळी मान डोलावतील, सगळं रोजच्यासारखं होईल. मागून बाक करकरला. आबासाहेबांना राहवलं नाही. चांगला माणूस, दुसऱ्याची फजिती त्यांना बघवत नसे. ते अर्धे उठले आणि आपल्या भरदार आवाजात म्हणाले, "त्याचं असं आहे मुलांनो—"

"आबासाहेब, राहू द्या," अलीम म्हणाला.

आबासाहेब तसेच अर्धवट उभे राहिले, मग बसले. प्राचार्यांनी खुर्चीत पाय बदलला. आपण वयानं एवढ्या मोठ्या माणसाला सगळ्यांदेखत गप्प केलं, हे अलीमला आतून जाळत गेलं. मुंबईचं सप्लाय खातं त्याला एकदम जवळ दिसलं. आणि तेव्हा दुसऱ्या बाकावर छगन उभा राहिला. उभा राहिला, आणि गप्प राहिला. त्यानं बाकाच्या कडेला दोन्ही हात धरले. ओठ हलले, आवाज नाही. मान लाल व्हायला लागली. मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि ती खसखस पुढं सरकायला लागली, अगदी तशीच. अलीमला सगळं ओळखीचं होतं. आता इथं दोन शब्द म्हणायचे असतात. दयेनं म्हणायचे असतात. ते त्याच्या दातांपर्यंत आले. त्यानं ते म्हटले नाहीत. हसणाऱ्या पोराकडे त्यानं नुसतं पाहिलं, खसखस विझली, आणि तो परत छगनकडे बघत उभा राहिला, दुसरं काहीच काम नसल्यासारखा.

"सर," छगन म्हणाला. मग परत थांबला. "सर, तुमचा प्रश्नच चुकलाय."

वर्गात एकदम हालचाल झाली.

"कसा?"

"पानी फुकट कुठं हाय? आमच्याकडं चैतात पखालवाला पानी घालतो, त्याला पैसं मोजावं लागत्यात. सोनं मोडून पानी घ्येतलंय आमच्या आईनं. तवा सोनं सस्त हुतं आन् पानी म्हाग."

"खोटंय," मागून आवाज आला. राहात्याचा गोरक्ष, उठायचंही विसरून बोलला. "आमच्याकडं पाटाचं पानी फुकट घ्या म्हनलं तरी कोनी घ्येत न्हाई. लई पानी पाजून रान चोपान झालं, वर मीठ फुटलं. पान्याला किंमत हायेच कुठं?"

"तुमच्याकडं लई हाय म्हनून!"

"मंग तेच की. लई आसल्यावर कोन इचारतंय?"

अलीमनं तोंड उघडलं आणि मिटलं. अर्थशास्त्राचा नियम तिथं बाकांच्या मध्ये येऊन उभा होता, पाथर्डी आणि राहात्याच्या मध्ये, नाव नसलेला, आणि त्याला नाव द्यायची त्याला विलक्षण इच्छा होत होती. त्यानं एवढंच विचारलं, "मग पाणी तेच, माणसं तीच, बदललं काय?" आणि पुन्हा थांबला. या खेपेला थांबणं सोपं नव्हतं, पण त्यात भीती नव्हती. तिसरा कुणी उठला, चौथा त्याच्यावर बोलला, कपाळावर खोक असलेल्यानं दोघांनाही वेड्यात काढलं. लिहीत कुणीच नव्हतं. घंटा झाली तेव्हा छगन अजून उभाच होता, आणि उत्तर अर्धंच झालं होतं.

चहाच्या वेळी अलीमचा कप आबासाहेबांनीच पुढं सरकवला, तेव्हा ते रागावलेले नव्हते. बाकीच्यांनी वर्गात फार गलका झाला, इंग्रजी सुटलं, फळा कोरा राहिला, असं सगळं सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. प्राचार्य शेवटी बोलले. "उत्तर तुम्ही दिलंच नाहीत."

"राहिलं," अलीम म्हणाला.

"सोमवारी देणार?"

"ते देतील बहुतेक."

प्राचार्यांनी कप खाली ठेवला. "मग सोमवारी मी येऊन बसतो. जूनचं टाइमटेबल करताना तुमचे तास सकाळचे धरतो, तेव्हा पोरं जागी असतात." एवढं बोलून ते दुसऱ्या विषयाकडे वळले. जून हा शब्द आपण नीट ऐकला का, हे अलीमला कुणाला तरी विचारायचं होतं.

घरी मेहताबनं दारातच त्याचा चेहरा बघितला. जून म्हटल्यावर तिनं फक्त, "मग भैयाला लिहून टाका, मुंबईला येत नाही म्हणून," एवढं म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं. अलीम भिंतीला टेकून बसला. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरले. पाणी उकळायच्या आधीच तो म्हणाला, अगदी सावकाश, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत, "भाव चढतो म्हणून खंड चढतो. खंड चढला म्हणून भाव चढत नाही."

मेहताबनं वळून पाहिलं. "हे कुणाला सांगताय जी?"

"एका सरांना," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं होतं. पण ते थांबले नाहीत."